माझी भिंत आणि दोनशे शब्द

"कुनी ववलंय हे? कुन्या आंधळ्यानं ववलंय? अगं ए, वर ये आधी! हितं मोराच्या मानंला टावेल लागलंय!"

मामा वरच्या पत्र्याच्या खोलीतून ओरडत होते. मी खाली ओट्याला टेकून फोनवर पुण्याच्या बाईंना सांगत होते, की हो, हो, संध्याकाळी सहाच्या आत नक्की पाठवते.

"काय झालं? कुणाला लागलं का?" बाईंनी घाबरून विचारलं.

"छे, काही नाही. मामा आहेत. बोलतायत."

यात खोटं काही नव्हतं. माझे हे मामा, म्हणजे आईचे थोरले भाऊ, उभी हयात यंत्रमागांच्या खटखटाटात राहिले. तिथं शेजारच्याकडं चुना मागायचा तरी छातीचा भाता करावा लागायचा. तो भाता निवृत्त झाल्यावर माझ्या घरी राहायला आला. तसं आमच्या सगळ्या गल्लीतच कुजबुज हा प्रकार नाही. आमच्याकडं लग्नाची बोलणी दार लावून चालतात ती अक्कलकोटला ऐकू जातात, आणि तिथले पाहुणे आहेर घेऊनच निघतात. समोरच्या घरात तेलुगू, आमच्यात मराठी आणि भिंतीपलीकडं कानडी. त्यामुळं भांडण एका भाषेत पेटतं, दुसरीत रंगतं आणि तिसरीत कुणीतरी "पुरे करा की" म्हणून मिटवतं.

तर बाई फोनवर, मामा वर आणि मी मधे. मी फोनवर तळवा दाबला आणि जिन्याकडं तोंड करून ओरडले, "असू द्या हो मामा! तुम्हीच बघा काय ते!"

आयुष्यात मी इतकं बेसावध वाक्य दुसरं बोललेली नाही. लग्नाला होकार देतानासुद्धा नाही.

आता ही भानगड नीट सांगते. सोलापुरी चादरीवरचा मोर विणकराच्या डोक्यात नसतो, तो पुठ्ठ्याच्या भोकांत असतो. नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढायची. मग त्या कागदाच्या एकेका ओळीसाठी एकेक पुठ्ठ्याचं कार्ड घ्यायचं आणि त्यात ठरल्या जागी भोकं पाडायची. अशी शेकडो कार्डं क्रमानं दोरीत ओवून त्यांची लांबच लांब माळ मागावर चढवायची. कार्डाला जसं भोक, तसा धागा वर उचलला जातो आणि ओळीमागून ओळ मोर उतरतो. एक कार्ड इकडचं तिकडं झालं की मोराची मान मोडते, मग मालक ती चादर घेऊन घरी येतो आणि बायकामुलांसमोर बोलतो. मामांनी जन्मभर हेच केलं. भोकं पाडली आणि कार्डं ओवली. त्यांनी पाडलेली सगळी भोकं एका जागी आणली तर त्यातून आख्खा हिप्परगा तलाव एका दुपारी गळून जाईल.

मग संगणक आला. मामांचा कारखाना बंद पडला. आता मोर माझ्यासारखीच्या संगणकात राहतो, कारण मी एका टॉवेलच्या कारखान्यात नक्षी काढायचं काम करते. हा मोर गरीब आहे, दाणा मागत नाही आणि मान मोडून घेत नाही. पण मामांच्याच कारखान्यातल्या जुन्या कार्डांची पोती भंगारवाल्याकडं पडलेली मी पाहिली आणि माझं डोकं फिरलं. पोती घरी आणली. सुट्टीच्या दिवशी वर पत्र्याखाली बसून त्यातली कार्डं ओवायला लागले. दोन माणसं उंच असा त्यांचा पडदा करायचा, टांगायचा आणि मागून दिवा लावायचा. समोरच्या भिंतीवर उजेडाचे असे ठिपके पडतात, की पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं पत्रा उडाला आणि आभाळ खाली आलं. घरच्यांना वाटायचं, बाईला उन्हाचा त्रास झाला. तेही खरं असेल. एप्रिलमध्ये आमच्या पत्र्यावर कावळा बसायच्या आधी एक पाय टेकवून बघतो आणि परत हवेत जातो.

मामांचे गुडघे गेलेले, त्यामुळं ते जिना चढत नसत. मी वर "कायतरी पुठ्ठ्याचं" करते एवढंच त्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी वर गच्चीत वाळत घातलेल्या सांडग्यांवर पारवे उतरले. पारव्यांना शिव्या घालत मामा पहिल्यांदा वर चढले, आणि समोर माझा पडदा.

त्याच दिवशी माझी भिंत पणाला लागली होती. पुण्यातल्या एका प्रदर्शनवाल्या बाईंनी माझ्या पडद्याचा फोटो पाहून मला एक आख्खी भिंत देऊ केली होती. भिंत! माझ्या स्वतःच्या घरात मला खुंटीसुद्धा स्वतंत्र नाही, तिथं नवऱ्याचा रेनकोट असतो. पण बाईंची एक अट होती. पडद्याशेजारी लावायला माझं आर्टिस्ट स्टेटमेंट हवं, दोनशे शब्दांत. मी काय करते, कसं करते आणि का करते. ते आलं नाही तर भिंत दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल, असं त्यांनी फार गोड आवाजात सांगितलं. गोड आवाजाच्या माणसांना मी तेव्हापासून घाबरते.

"स्टेटमेंट?" मामा तेव्हा म्हणाले होते. "काय केलंस गं? पोलीस कवा येनार?"

पहिला मसुदा मी इतका जड लिहिला, की तो कागद हातात धरून मनगट दुखायला लागलं. त्यात अवकाश होता, अस्मितेचा शोध होता, पोकळीशी चाललेला संवाद होता, आणि शेवटच्या ओळीत मानवी अस्तित्वाला पडलेली छिद्रंही होती. मी तो नवऱ्याला वाचून दाखवला. त्यानं मान डोलावत शेवटपर्यंत ऐकला.

"छानाय," तो म्हणाला. "कुणाचंय?"

दुसऱ्या मसुद्यात मी साधी झाले. लहानपणापासूनच मला कलेची आवड होती, शाळेत चित्रकलेत पहिला नंबर यायचा, वगैरे. बाईंचा लगेच फोन. "ताई, राग मानू नका. पण शेजारच्या भिंतीवर एकांचे मातीचे घोडे आहेत. हा कागद मी त्या घोड्यांखाली लावला तर कुणाला फरक कळेल का?" मी विचार केला. घोड्यांनासुद्धा कळला नसता.

तिसऱ्यात मी सोलापूरच्या वस्त्रोद्योगाचा इतिहास लिहिला. तो वाचून बाई म्हणाल्या, "निबंध चांगला आहे." हे वाक्य चौथीपासून ऐकतेय मी, त्याचा अर्थ मला माहीत आहे.

मग बाईंनीच समजावलं. "ताई, हे बघा. तुम्ही ही कार्डं उलटसुलट ओवता. का? सरळ का नाही ओवत? कुणी येऊन तुमची कार्डं सरळ केली तर तुमचं काय बिघडेल? तेवढंच लिहा. दुसरं काही नको."

प्रश्न बरोबर होता आणि मला उत्तर येत नव्हतं. चादर कशी करतात ते विचारा, भूल दिलेली असतानासुद्धा सांगेन. पण हे मी असंच का करते? तोंडात उत्तर यायचं आणि कागदाजवळ आलं की एकावर एक जड साड्या नेसून बसायचं. लग्नाला निघालेल्या बाईसारखं. त्या दिवशी सकाळपासून माझ्यासमोर कोरा कागद होता. संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सनं पडदा पाठवायचा, त्याच्या आधी स्टेटमेंट पाठवायचं, आणि कागदावर फक्त आमटीचा एक थेंब.

फोन ठेवला आणि मी पॅकिंगचं सामान आणायला बाहेर पडले. खरं तर कागदापासून पळाले. गाडीवर बसताना हातात कोपरापर्यंतचे पांढरे मोजे, तोंडाला स्कार्फ, डोळ्यांना चष्मा. उन्हाळ्यात आमच्याकडच्या बायका अशा निघतात, की बँकेत शिरलं तर पहारेकरी उभा राहतो. रस्ताभर मी मनात वाक्यं जुळवत होते. "माझी कला म्हणजे." सिग्नल. "माझी कला ही एक." म्हैस आडवी. पार्सलवाल्याकडं, पुठ्ठेवाल्याकडं, चिकटपट्टीवाल्याकडं, सगळीकडं मी मुद्दाम वेळ काढला. एका ठिकाणी तर ओळखीची नसलेली बाई तिच्या सुनेबद्दल सांगत होती ते सगळं ऐकून घेतलं आणि सल्लाही दिला.

परत आले तेव्हा दुपार उतरायला लागली होती. घरात शांतता होती.

आमच्या घरात शांतता म्हणजे काहीतरी जळतंय नाहीतर कुणीतरी पडलंय. मी तशीच मोजे घातलेली, धडाधड जिना चढले. पत्र्याखाली मामा बनियनवर बसलेले, घामानं निथळत होते आणि तोंडावर समाधान असं, जसं लेक सासरी सुखात असल्याची बातमी आलीय. वर पाहिलं. पडदा नव्हता. नुसती दोरी टांगलेली. खाली जमिनीवर तीन गठ्ठे, कडेला कड लावून, गाठ मारून, सुबक.

"झालं बघ," मामा म्हणाले. "हा मोर. हे टावेल. ही बॉर्डर. लई घोळ झालता. येकबी कार्ड जाग्यावर न्हवतं. मी म्हनलं, पोरीचं सामान पुन्याला जायचंय, लोकं काय म्हनतील. सगळं सोडलं, नंबरवारी लावलं, पुन्ना ववलं. आता कुनी बी मागावर चढवावं, मान मोडनार न्हाय."

जो पडदा ओवायला मला थंडीपासूनचे सगळे रविवार लागले, तो या माणसानं मी म्हैस आडवी यायची वाट बघत होते तेवढ्या वेळात उसवून सरळ केला होता. सोलापुरात नसते तर हे झालंच नसतं. दुसऱ्या गावच्या मामानं पडदा बघून "छान" म्हटलं असतं किंवा "कचरा" म्हटलं असतं. दुरुस्त नसता केला.

मी ओरडले. मला सांगायला संकोच वाटत नाही, मी अशी ओरडले की वळसंगच्या रानातली मेंढरं एकदम उभी राहिली असतील.

"मामा! हे काय केलंत! कुणी सांगितलं होतं?"

"तूच की! तुमीच बघा म्हनलीस!"

"अहो मी तसंच म्हटलं! ते मुद्दाम उलटसुलट होतं!"

"मुद्दाम?" आता मामाही उठले, गुडघे विसरून. "मुद्दाम चुकीचं ववलंस? आनि लोकांम्होरं टांगनार व्हतीस? अगं माझी भोकं हायती ती! बघनारा म्हनंल की म्हाताऱ्याला क्रम लागत न्हवता! जलमभर येक कार्ड चुकू दिलं न्हाय, आनि आता पुन्यात जाऊन अब्रू घालवतीस?"

"क्रमानं लावलं की चादर होते, मामा! मला चादर नकोय! चादर होऊन गेली! लोकांनी पांघरली, धुतली, फाटली, तिचं पायपुसणं झालं! कारखाना बंद झाला तेव्हा भंगारवाल्यानं तुमचा मोर, तुमचं टॉवेल, तुमची बॉर्डर सगळं एका पोत्यात कोंबलं. इतकी वर्षं एका छपराखाली राहून ज्यांची कधी तोंडओळख नव्हती, ती पोत्यात एकमेकांच्या उरावर बसली! मी डोळे मिटून पोत्यात हात घालते आणि जे हाताला लागेल ते ओवते. क्रम मी मोडला नाही. मोडलेलाच माझ्या घरी आला! मी तो तसाच टांगते आणि मागं दिवा लावते. का? तर तुमचं एकेक भोक दिसतं म्हणून! चादरीत कुणाला दिसलं होतं हो तुमचं भोक? कुणी विचारलं, हे कुणी पाडलं? सगळे मोर बघायचे!"

माझा दम संपला. मामा उभेच. पलीकडच्या गच्चीवरून कानडी शेजारणीनं डोकं वर काढलं. "एनायतु री?" तिनं विचारलं, म्हणजे काय झालं हो. तिला कुणी उत्तर दिलं नाही, म्हणून ती उत्तराची वाट बघत तिथंच कठड्याला टेकून उभी राहिली.

आणि मला एकदम कळलं, की मी आत्ता काय बोलले.

मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसकण मारली. पॅकिंगसाठी आणलेला पुठ्ठा फाडला, त्यावरच लिहायला लागले. जे ओरडले तेच. "पायपुसणं" काढलं, मग परत घातलं. "उरावर बसली" राहू दिलं. मधे मधे मामांना घातलेली विशेषणं होती, ती वर तुम्हालाही सांगितली नाहीत, तेवढी गाळली, आणि काय सांगू, मजकूर बरोबर दोनशेच्या आत बसला. माझ्या कलेतला जादा भाग म्हणजे नुसत्या शिव्याच होत्या तर! अवकाश कुठं लागलाच नाही, अस्मिताही कुठं आली नाही. पोतं आलं, भंगारवाला आला, डोळे मिटून हात घालणं आलं, दिवा आला. वाचून बघितलं. मातीच्या घोड्यांखाली हे लावून दाखवा म्हणावं.

फोनवर टाइप करून पाठवलं. उत्तर यायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मी म्हातारी झाले, माझ्या नातवंडांची लग्नं झाली. मग फोन वाजला.

"मिळालं. भिंत तुमची. पीडीएफ करून पाठवा."

असं वाटलं, की सकाळपासून पाठीवर कुणीतरी गहू भरलेलं पोतं ठेवलं होतं आणि आता कुणीतरी हळूच उचललं. पत्र्याखालची हवा भट्टीसारखीच होती, पण मला महाबळेश्वरला आल्यासारखं वाटलं. मी हसायला लागले. शेजारीणही हसली, तिला कारण माहीत नसताना.

पण पडदा? ट्रॅव्हल्स सुटायला फार वेळ नव्हता आणि माझ्यासमोर तीन आज्ञाधारक गठ्ठे होते. मी गाठी सोडल्या आणि कार्डं पोत्यात भरली. मामा भिंतीकडं तोंड करून बसले होते. मग तोंड तिकडंच ठेवून त्यांनी हात मागं केला.

"आन हिकडं. तुझ्याच्यानं आज व्हनार न्हाय."

ओवण्यात त्यांचा हात शिलाईमशीनपेक्षा जलद. पण इथं एक अडचण झाली. मामांना चुकता येईना. पोत्यात हात घालायचे, पंधरा कार्डं चाचपायचे आणि बरोबर पुढच्या नंबरचंच बाहेर काढायचे. "डोळे मिटा," मी म्हटलं. डोळे मिटले, तरी तेच. बोटं भोकं वाचत होती.

"मामा, चुका की जरा!"

"चुकलालो की! येवढं चुकलालो, तरी बराबर येलालंय!"

शेवटी मी माझे गाडीवरचे पांढरे मोजे काढून त्यांच्या हातात घातले, कोपरापर्यंत. बनियन, लुंगी आणि ते लांब मोजे. शेजारीण कठडा धरून खाली बसली हसू आवरत. मोज्यातून बोटांना काही कळेना आणि मग कुठं पोत्यातून मोर, टॉवेल, बॉर्डर, परत टॉवेल असा बेशिस्त कारभार सुरू झाला. प्रत्येक चुकीच्या कार्डाला मामा तोंडानं असा आवाज करायचे, जसं कुणी दाढ उपटतंय. पण हात थांबला नाही. ते कार्ड काढत, ओवत; मी दोरी पकडत, गाठ मारत. एकदा मी चोरून त्यांच्याकडं बघितलं तर ते एक कार्ड उजेडासमोर धरून त्यातून बाहेर बघत होते. मग त्यांनी ते ओवलं.

पडदा गुंडाळला, बांधला, नवऱ्यानं गाडीवर घेतला आणि ट्रॅव्हल्सच्या टपावर चढवला. गाडी सुटली तरी मला शंका, की मामा मागून धावतात आणि एक कार्ड बदलतात. मोहोळ येऊन गेलं असेल अशा वेळी माझा जीव थोडा भांड्यात पडला. गाडी मोडनिंबला चहाला थांबते. मोडनिंबच्या पुढं मामांचा हात पोचत नाही, असा मी हिशेब धरला आणि सकाळपासून पहिल्यांदा पोटभर जेवले. भाकरी, शेंगाचटणी, वर ताक. इतकी जेवले की नवऱ्यानं पिठाचा डबा उघडून बघितला.

मामा खाटेवर पडले होते. मोजे अजून हातातच. मी पुठ्ठा घेऊन त्यांच्याशेजारी बसले आणि स्टेटमेंट वाचून दाखवलं. या वेळी ओरडून नाही. आमच्या मानानं अगदी हळू, म्हणजे फक्त गल्लीला ऐकू जाईल इतकं. भंगारवाल्यापाशी मामांनी डोळे मिटले. दिव्यापाशी उघडले. भोकांपाशी त्यांनी एक मोजा काढला आणि तळहाताकडं बघत राहिले.

वाचून झालं. मी थांबले. पुण्याच्या बाईंनी भिंत दिली होती, पण ही परीक्षा वेगळी होती.

"मामा, कसं वाटलं?"

त्यांनी दुसरा मोजा काढला, दोन्ही नीट जुळवून घडी केली आणि उशाशी ठेवली.

"कळलं," ते म्हणाले. "पटलं न्हाय. पंखा लाव."